ठेव कोणाची, किल्ली कोणापाशीं?

परभणी जिल्ह्यांतील देवगाव फाटा येथून एका वाचक-भगिनींनीं आम्हांस प्रश्न विचारिला आहे. त्यांच्या मोबाइल फोनांत जागा उरलेली नाहीं. दर दोन दिवसांनीं फोन तशी तक्रार करितो. फाट्यावरील दुकानदारानें सल्ला दिला कीं, एक मेमरी कार्ड घ्यावें आणि सर्व ॲप्स त्यांच्या माहितीसह कार्डावर हलवून मोकळें व्हावें. तसें करावें काय, एवढाच प्रश्न असता तर चार ओळींत उत्तर संपलें असतें. परंतु पत्राच्या अखेरीस बाई लिहितात कीं, त्यांच्या सासूबाईंनीं जात्यावर म्हटलेल्या चाळीस-एक ओव्या त्याच फोनांतील ध्वनिमुद्रणाच्या ॲपमध्यें आहेत, आणि सासूबाई गेल्या पौषांत निवर्तल्या. तेव्हां हा प्रश्न जागेचा नसून ठेवीचा आहे, असें समजूनच आम्ही उत्तर देत आहों.

देवगाव फाटा हें सेलू तालुक्यांतलें गांव. मराठवाड्यांतील अशा कोणत्याहि फाट्यावर चहाच्या हॉटेलाशेजारीं मोबाइलचें एखादें दुकान असावयाचेंच. इंटरनेट स्वस्त होण्यापूर्वीं, म्हणजे २०१६ च्या आधीं, याच दुकानांतून थोड्या पैशांत कार्ड ‘भरून’ मिळे. भजनें, भारुडें, कीर्तनें, चित्रपटांतलीं गाणीं, हवें तें संगणकावरून कार्डांत ओतून देत. तें कार्ड वडिलांच्या फोनांतून काढून मुलाच्या फोनांत घातलें तरी गाणें वाजेच. त्यामुळें कार्ड म्हणजे डबा, भरावा आणि हवा तेथें न्यावा, ही कल्पना लोकांच्या मनांत पक्की बसली. गाण्यांपुरती ती खरीहि आहे. ॲपच्या माहितीस मात्र ती लागू पडत नाहीं, आणि सारा घोटाळा येथूनच उत्पन्न होतो.

हें कार्ड मूळचें छायाचित्रें व गाणीं यांच्याकरितां झालें. एसडी कार्ड १९९९ सालीं निघालें. फोनांत बसणारें मायक्रोएसडी कार्ड २००५ पासूनचें. लांबी १५ मिलिमीटर, रुंदी ११, जाडी अवघी एक. आपल्याकडे त्याची गरज फार, कारण स्वस्त फोनांच्या पोटांत जागाच नसे. सप्टेंबर २०१४ मध्यें गूगलनें मायक्रोमॅक्स, कार्बन व स्पाइस या तीन भारतीय कंपन्यांच्या हातून ‘अँड्रॉइड वन’ फोन बाजारांत आणिले, त्यांत आंतली जागा अवघी चार जीबी, आणि तींतलाहि मोठा हिस्सा फोनच्या स्वतःच्या व्यवस्थेनें व्यापिलेला. अशा फोनचा मालक कार्डाकडे न वळेल तर करील काय?

अँड्रॉइडमध्यें ॲप कार्डावर हलविण्याची सोय २०१० पासून आहे. परंतु त्या वेळीं हलत असे तें ॲपचें केवळ बिऱ्हाड; त्याचें दप्तर, म्हणजे आंतल्या नोंदी व हिशेब, फोनच्या पोटांतच राही. पुढें २०१५ सालीं अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीनें नवी सोय केली. तेव्हांपासून पुष्कळशा फोनांत नवें कार्ड घालतांच फोन विचारितो: हें ‘पोर्टेबल’ म्हणून वापरूं, कीं ‘इंटर्नल’ म्हणून? खरा फाटा येथें लागतो, आणि बहुतेक मंडळी तो न वाचतांच बोट टेंकवितात.

या दोन वाटांतील भेद आमच्या पिढीस एका जुन्या शास्त्रानें चटकन् समजेल. धर्मशास्त्रांत ठेवीचे दोन प्रकार सांगितले आहेत. समोर दाखवून, मोजून दुसऱ्याच्या हातीं दिली तर तो निक्षेप. आणि आंत काय आहे तें न सांगतां, पात्रांत घालून, मुद्रा लावून दिली तर तो उपनिधि. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत उपनिधीचें स्वतंत्र प्रकरणच आहे. ‘पोर्टेबल’ कार्ड हा निक्षेप होय. त्यांतील वस्तु कोणीहि उघडून पाहावी. ‘इंटर्नल’ केलेलें कार्ड हा उपनिधि. फोन तें प्रथम पुसतो, मग त्यावर लिहिलेलें प्रत्येक अक्षर गूढ लिपींत लिहितो, आणि त्या लिपीची किल्ली स्वतःच्या पोटांत ठेवितो. स्मृतिकारांच्या उपनिधींत मुद्रा मालकाची असे; येथें मुद्रा मारितो फोन, मालकाला किल्लीचें दर्शनहि होत नाहीं.

याचा परिणाम काय होतो, तेंहि बाईंच्याच पत्रांत आहे. त्यांच्या शेजारच्या एका कुटुंबांतील मुलानें कार्ड ‘इंटर्नल’ केलें; ॲप्स, लग्नाचीं छायाचित्रें, सारें त्यावर गेलें. पुढें फोन पाण्याच्या हौदांत पडला आणि कायमचा बंद झाला. कार्ड मात्र धडधाकट होतें. पुसून, वाळवून नव्या फोनांत घातलें, तों नवा फोन म्हणतो, कार्ड वाचतां येत नाहीं, फॉरमॅट करूं काय? सेलूस दाखविलें, परभणीस दाखविलें. कोणालाहि कांहीं निघालें नाहीं. निघणार कसें? छायाचित्रें कार्डावर अजूनहि आहेत. बुडाली ती किल्ली. मुलाचा समज असा कीं कार्डच खराब निघालें, आणि त्यानें तें विकणाऱ्याशीं भांडणहि केलें म्हणे.

म्हणून आमचें उत्तर असें आहे. ॲप्स हलवूं नयेत. ओव्या हलवाव्या, आणि त्याहि ‘पोर्टेबल’ कार्डावर. ॲप गेलें तर पुन्हां फुकट मिळतें, सासूबाईंचा आवाज मिळत नाहीं. मात्र त्यांत एक खोंच आहे. कित्येक ॲप्स कार्डावर ‘अँड्रॉइड’ नांवाच्या कप्प्यांत स्वतःची एक खोली करितात व तेथें आपला माल ठेवितात. तें ॲप फोनांतून काढून टाकिलें कीं फोन ती खोलीहि मालासकट साफ करितो. जागा करण्यासाठीं जुनें ॲप काढावें आणि त्यासरशीं आंतलीं गाणींहि जावीं, असे प्रकार यामुळेंच होतात. तेव्हां फोनांतील फाइलींच्या ॲपमधून कार्डावर आपल्या हातानें ‘ओव्या’ असा निराळा कप्पा करावा, त्यांत एक-एक ध्वनिमुद्रण नकलावें, आणि कार्डावरचीच प्रत वाजवून पाहिल्यावांचून फोनांतील मूळ प्रत पुसूं नये. एवढें झाल्यावर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्यें छायाचित्रांची जागा म्हणून कार्ड निवडावें. फोनची तक्रार त्यानेंच बरीचशी थांबेल.

कार्ड घेतांना डोळे उघडे ठेवावे. बाजारांत अशीं खोटीं कार्डें येतात कीं, वेष्टनावर १२८ जीबी आणि फोनहि तेंच दाखवितो, पण आंत खरी जागा आठच. नवव्या जीबीपासून लिहिलेलें कोठें जातें तें देवास ठाऊक. नवें कार्ड एकदां कांठोकांठ भरावें, अगदीं शेवटची फाइल उघडून पाहावी, मगच विश्वास टाकावा. शिवाय पुष्कळ फोनांत दुसरें सिम आणि कार्ड यांची जागा एकच असते. दोन सिमें बाळगणाऱ्यानें हें आधींच पाहिलें पाहिजे, नाहींतर दुकानांत जाऊन परतावें लागतें. आणि कोणी हट्टानें ॲप्स कार्डावर ठेवणारच असेल, तर त्यानें निदान ‘ए१’ किंवा ‘ए२’ अशी खूण असलेलें कार्ड घ्यावें. बारीकसारीक नोंदी भराभर वाचण्या-लिहिण्याची चांचणी झालेलें कार्ड तें. सामान्य कार्डावर ॲप असें अडखळतें कीं, पहिल्या दिवशीं संध्या शिकणारा बटुहि बरा.

आतां कार्डावर प्रत केली म्हणजे झालें काय? नाहीं. कार्डांतील सूक्ष्म कोष पुनःपुन्हां लिहिण्यानें झिजतात, आणि पेटींत वर्षानुवर्षें पडून राहिलें तरी त्यांतील विद्युत्भार हळूहळू ओसरतो. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक गांवांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आज वाचावयास व ऐकावयास मिळतात, याचें कारण त्या एकाच पेटींत कोंडल्या गेल्या नाहींत. कागदावर उतरल्या, ध्वनिमुद्रित झाल्या, संगणकावर चढल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेनें त्या सर्वांपुढें ठेविल्या. घरच्या चाळीस ओव्यांना एवढा पसारा नको. एक प्रत कार्डावर, एक परगांवच्या नणंदेच्या फोनांत, आणि जमल्यास एक संगणकावर, इतकें पुरे.

एक काम मात्र कार्डाकडून होणारें नाहीं. ध्वनिमुद्रणाच्या ॲपनें त्या ओव्यांस नुसते आंकडे व तारखा देऊन ठेविल्या असतील. कोणत्या आंकड्यास कोणती ओवी, ती सासूबाईंनीं कोणापासून घेतली, माहेरची कोणती नि सासरची कोणती, हें घरांत ज्यांस अजून आठवतें त्यांना जवळ बसवून एका वहींत शाईनें लिहून घ्यावें. दोन दुपारींचें काम आहे. वही भरली म्हणजे तिचीहि छायाचित्रें काढून त्याच कप्प्यांत ठेवावीं.