दीडशे फूट खाली

‘ट्रोलिंग’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं, ते मला माहितेय. कुणाच्या तरी फोटोखाली कुणीतरी ओतलेलं विष. मालवणला आमच्या आजोळी विचारलंत, तर ते ट्रॉलरच्या जाळ्याबद्दल बोलायला लागतील, आणि ते बोलणं छापण्यासारखं नसेल. पण मंडळी, या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. गळ पाण्यात सोडायचा आणि बोट सावकाश चालवत राहायची. तो अर्थ शिकायला मी गेल्या ऑगस्टमध्ये पहाटे साडेतीनला उठले. सुट्टीवर असताना!

स्थळ, मिलवॉकी. लेक मिशिगनचा पश्चिम किनारा. माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, तिथे राहतो. त्याच्या शेजारी एक निवृत्त मशिनिस्ट राहतात. वय पंचाहत्तरच्या आसपास, बोलणं मोजकं, आणि स्वतःची पंचवीस फुटी बोट. सगळी गल्ली त्यांना कॅप्टन म्हणते. ‘लायसन्स काढा, सॅमन-ट्राउटचा वेगळा स्टॅम्प घ्या आणि साडेचारला धक्क्यावर या,’ एवढंच त्यांनी सांगितलं.

दादाला त्या दिवसांत साडेचारला काय आणि दहाला काय, सारखंच होतं. त्याची नोकरी बावीस दिवसांपूर्वी गेली होती. एच-वन-बीवाल्यांना २०१७ पासून अशा वेळी जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नवी कंपनी मिळवायची, दुसरा व्हिसा बघायचा, नाहीतर बॅगा भरायच्या. हे वहिनीला माहीत होतं, मला माहीत होतं. दादरला मावशीला माहीत नव्हतं. ‘तू बोलू नकोस हं,’ एअरपोर्टवरून येताना त्याने मला तीनदा बजावलं होतं.

तळं कसलं, समुद्रच!

आधी आकाराचा अंदाज घ्या. लेक मिशिगनचं क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे त्यात पंधरा गोवे आरामात मावतील. सर्वांत खोल जागी खोली २८१ मीटर. माझे आजोबा खडकावर बसून गरवायचे. गरी टाकली की विडी पेटवायची आणि मासा येईपर्यंत गप्प राहायचं. इथे ते चालत नाही. एवढ्या पाण्यात मासा तुमच्याकडे कशाला येईल? तुम्हीच त्याला शोधत फिरायचं. ट्रोलिंगचा मूळ फंडा हा.

शोधायचा कसा? तर थर्मामीटरने. उन्हाळ्यात या तळ्याचे थर पडतात. वर कोमट पाणी, खाली गारठलेलं, आणि मध्ये एक पट्टा, जिथे तापमान झपकन उतरतं. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. त्या दिवशी वरचं पाणी २१ अंश सेल्सिअस होतं आणि पंचावन्न फुटांवर बारा. किंग, म्हणजे चिनूक सॅमनला साधारण अकरा ते तेरा अंश आवडतात. लेक ट्राउटला त्याहून थंड, दहाच्या खालचं. त्यामुळे एकाच बोटीखाली दोन मजले असतात. मधल्या मजल्यावर किंग, तळमजल्यावर ट्राउट. किनाऱ्याकडून जोराचा वारा सुटला की वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं, खालचं गार पाणी किनाऱ्याशी वर येतं आणि सगळे पत्ते बदलतात. काल जिथे मासा होता, तिथे आज नसतो.

तोफगोळा, तबकडी आणि चमचा

आता सामान. गळाला लावलेला पत्र्याचा चमचा हलका असतो. तो पन्नास-दीडशे फूट खाली न्यायचा कसा? त्यासाठी डाउनरिगर. विहिरीच्या रहाटासारखं यंत्र बोटीच्या कडेला बसवलेलं, त्याला पोलादी तार, आणि तारेच्या टोकाला साडेचार-पाच किलोचा शिशाचा गोळा. दिसायला अगदी तोफगोळा. रॉडची दोरी गोळ्याजवळच्या एका चिमट्यात अडकवायची आणि गोळा खाली सोडायचा. तारेवरचा काउंटर किती फूट झाले ते सांगतो. (पूर्ण विश्वास ठेवू नका. बोट चालत असते, त्यामुळे गोळा थोडा मागे ओढला जातो आणि खरी खोली आकड्यापेक्षा कमी असते.) वर रॉड कमानीसारखा वाकवून ठेवायचा. माशाने झटका दिला की दोरी चिमट्यातून सुटते, रॉड एकदम सरळ होतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा वाकतो. तो वाकला, की समजायचं पाहुणे आले.

दुसरं हत्यार डायव्हर, म्हणजे प्लास्टिकची तबकडी. ओढली की पाण्यात घुसते. तिच्या बुडाशी एक चकती असते. ती शून्यावर ठेवली तर तबकडी सरळ खाली जाते. आकडा वाढवाल तशी ती बाजूला पळते आणि खोली कमी होते. डावीकडची डावीकडे, उजवीकडची उजवीकडे. म्हणजे दोऱ्यांचा गुंता नाही. तिसरं, लेड-कोर. आत शिशाची तार असलेली दोरी. दर दहा यार्डांवर तिचा रंग बदलतो, म्हणून इथली माणसं ‘आज पाच रंगांवर लागला’ असं बोलतात. अंदाज असा, की एका रंगामागे सुमारे पाच फूट खोली. वसंतात मासे वरच्या पाण्यात असतात आणि बोटीला बुजतात, तेव्हा प्लेनर बोर्ड नावाच्या तरंगत्या फळ्या दोरीला बोटीपासून लांब घेऊन जातात.

आणि आमिष? किडे नाहीत, कोलंबी नाही. अंधारात चकाकणारे चमचे, नाहीतर फ्लॅशर आणि फ्लाय. फ्लॅशर म्हणजे वीतभर लांबीची चमकदार पट्टी, पाण्यात गोल गोल फिरणारी. तिच्यामागे दोनेक फुटांवर झिरमिळ्यांची फ्लाय. पट्टी फिरते तशी फ्लाय लचकत जाते. पट्टी लक्ष वेधून घेते, घास मात्र मागचीचा घेतला जातो. ऑफिसात असे दोघे प्रत्येकाने पाहिलेत!

विस्कॉन्सिनमध्ये माणशी तीन दोऱ्या चालतात. म्हणजे आम्हा तिघांना नऊ. कॅप्टननी सहाच लावल्या. ‘दोन नवशिके आहेत, पुरे,’ म्हणाले.

एका वेळी एकच

पहिला तास काहीच नाही. सूर्य वर आला, चहा संपला, दादाने फोन चौदा वेळा बघितला. मग तो अस्वस्थ होऊन म्हणाला, ‘चमचे बदलू, खोली बदलू, वेगही वाढवू.’

कॅप्टननी मान हलवली. ‘एका वेळी एकच गोष्ट बदल. तीन बदलल्यास आणि मासा लागला, तर कशामुळे लागला ते कसं कळणार?’

पहिल्यांदा त्यांनी वेग घेतला. किंगसाठी ताशी साडेतीन ते साडेचार किलोमीटर, ट्राउटसाठी अडीच ते तीन. म्हणजे आपण जेवणानंतर शतपावली करतो, तेवढा. गंमत अशी, की बोटीच्या जीपीएसवर दिसतो तो वरचा वेग. खाली प्रवाह उलटा असेल तर चमच्याचा वेग वेगळाच असतो. म्हणून नाकासमोर जायचं नाही, नागमोडी जायचं. वळताना बाहेरच्या बाजूचे गळ जोरात पळतात, आतले रेंगाळतात. बाहेरच्याला मासा लागला तर वेग वाढवा, आतल्याला लागला तर कमी करा. मासाच उत्तर देतो. माझ्या मास कॉमच्या दोन वर्षांत रिसर्च मेथडॉलॉजी कुणी इतकी साफ शिकवली नव्हती.

तिसऱ्या वळणावर बाहेरचा रॉड सुटला. रील किंचाळायला लागलं. किंग! दादाने रॉड उचलला आणि घाबरून रीलचा ड्रॅग घट्ट आवळला. ‘नको!’ कॅप्टन ओरडले, तोवर दोरी तुटली होती. चूक तुम्ही लक्षात ठेवा. किंग पळतो तेव्हा त्याला पळू द्यायचं. रॉड वर, दोरी ताठ, आणि तो थांबला की मगच गुंडाळायचं. बोटही थांबवायची नाही, नाहीतर बाकीच्या पाच दोऱ्यांची वेणी होते.

दादा खाली बसला. ‘आवळायला नको होतं,’ एवढंच म्हणाला. मग बराच वेळ काही बोलला नाही.

तळमजल्यावरचा जुना भाडेकरू

किंग इथला मूळचा नाही, हे मला तेव्हा कळलं. मूळचा रहिवासी लेक ट्राउट. समुद्रातली लॅम्प्री नावाची रक्तशोषी, बामसारखी दिसणारी जात १९३६ मध्ये या तळ्यात सापडली. तिने आणि बेसुमार मासेमारीने मिळून १९५० च्या दशकात इथला लेक ट्राउट जवळपास संपवला. खाणारा गेला, तसं एलवाइफ नावाच्या बाहेरून आलेल्या छोट्या माशाचं अमाप पीक आलं. १९६७ च्या उन्हाळ्यात किनाऱ्यांवर त्यांच्या मेलेल्या राशी पडल्या होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, मिशिगन राज्याचे मत्स्यप्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी पॅसिफिककडच्या कोहो सॅमनची पिल्लं इथे सोडली होती. १९६७ मध्ये चिनूक आला. हे दोघे एलवाइफवर पोसले आणि तळ्यावर गर्दी लोटली.

पण चिनूकचं सगळंच एलवाइफवर. नंतर क्वागा नावाच्या शिंपल्यांनी पाण्यातलं सूक्ष्म अन्न गाळून खाल्लं. शेजारच्या लेक ह्युरॉनमध्ये २००४ च्या सुमाराला एलवाइफ कोसळला आणि पाठोपाठ चिनूकही. लेक ट्राउट मात्र पडेल ते खातो. तळाशी राहतो, हळू वाढतो आणि पंचवीस-पंचवीस वर्षं जगतो.

त्याच्यासाठी कॅप्टननी सगळं बदलून टाकलं. वेग अडीच किलोमीटर. गोळा दीडशे फूट खाली, अगदी तळाला टेकेल असा. मधूनमधून तो वाळूवर आपटवायचा, म्हणजे गाळाचा ढग उठतो आणि ट्राउट चौकशीला येतो. (खडकाळ तळावर हे करू नका, गोळा गमवाल.) मागे फिरत्या पंखांचं एक छोटं तरंगतं आमिष, आणि चिमटा अगदी सैल. कारण ट्राउट झटका देत नाही. चिमटा घट्ट असेल तर तो मैलभर नुसता ओढला जातो आणि वर तुम्हाला पत्ताच नाही.

या वेळी रॉड सुटला नाही, फक्त टोक थरथरलं. दादाला ते दिसलं. त्याने चिमटा सोडवला आणि सावकाश, एकदाही न आवळता गुंडाळत राहिला. पहिला आला दोन किलोचा. दुसरा आला तो बघून मी ओरडलेच. सात-आठ किलो तरी असेल. करडा, अंगभर फिकट ठिपके.

‘हा सोडायचा,’ कॅप्टन म्हणाले. मोठ्या, वयस्क ट्राउटच्या चरबीत पीसीबीसारखी जुनी औद्योगिक रसायनं साठलेली असतात. खाण्याबद्दलच्या सरकारी सूचना लहान मुलांसाठी जास्त कडक आहेत आणि दादाची मुलगी पाच वर्षांची. शिवाय ट्राउटला खोलातून येताना पोटातली हवा तोंडावाटे सोडता येते. कोमट पाण्यात फार वेळ खेळवला नाही, तर तो परत तळाला जाऊ शकतो. एक फोटो, दहा सेकंद, आणि डोकं खाली करून पाण्यात. एक फटकारा आणि गेला.

परत फिरा

साडेआठला पश्चिमेकडे ढग काळे झाले. दादा म्हणाला, ‘एक फेरी अजून. आत्ता कुठे जमतंय.’ कॅप्टन गोळे वर घ्यायला लागले होते. २३ सप्टेंबर १९६७ ची गोष्ट त्यांनी दोन वाक्यांत सांगितली. मिशिगनच्या किनाऱ्यावर कोहो लागत होता, वादळाचा इशारा असूनही शेकडो छोट्या बोटी आत गेल्या, सात जण बुडाले. ‘मासे लागत होते म्हणूनच कुणी परत फिरलं नाही.’ लाइफ जॅकेट का घालायचं, हे मी त्यानंतर विचारलं नाही.

धक्क्याला लागलो तेव्हा दहा वाजत आले होते. मुंबईत रात्रीचे साडेआठ. कॅप्टन पाइपने बोट धूत होते. दादा थोडा लांब गेला आणि त्याने मावशीला फोन लावला. मला फक्त त्याची बाजू ऐकू येत होती. ‘आई, नोकरी गेलीये गं... बावीस दिवस झाले... नाही, तिला माहितेय... हो, तिलाही माहितेय.’ माझ्याकडे बघून त्याने कपाळाला हात लावला. मग बराच वेळ नुसतं ‘हं, हं’. शेवटी म्हणाला, ‘हो, लागला. दोन किलोचा. नाही, सुरमईसारखा नाही लागत, तेलकट असतो.’

त्या रात्री वहिनीने कातडी आणि चरबी काढून त्याच्या तुकड्यांना मालवणी मसाला लावला. तेलकट होता, पण कुणी टाकला नाही.

साठ दिवसांत जमलं नाही. दोन इंटरव्ह्यू शेवटपर्यंत गेले आणि तिथेच सुटले. सप्टेंबर संपायच्या आत ती तिघं परत आली. दादाला आता पुण्यात काम मिळालंय, पगार कमी आहे, आणि पोरीला मराठी शाळेतल्या बाई जाम आवडतात. मावशीला वाईट एकाच गोष्टीचं वाटतं, बावीस दिवसांचं. ‘मला पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी काही बुडणार होते का?’ असं ती अजून म्हणते.

निघताना कॅप्टननी दादाला एक काउंटरवालं रील दिलं. ते दादरच्या कपाटात आहे. दिवाळीत मालवणला जायचं ठरतंय. आजोबांच्या खडकावर बसून त्याचा काही उपयोग नाही, हे मी त्याला सांगितलंय. तो म्हणतो, बघू, बोट मिळते का.