धीर कोणी धरायचा?

१७ ऑक्टोबर १९३० रोजी मँचेस्टरमधल्या ह्यूम टाउन हॉलमध्ये सुमारे तीन हजार माणसं जमली आणि त्यांनी आपल्याच क्लबच्या संचालक मंडळावर अविश्वासाचा ठराव मंजूर केला. मँचेस्टर युनायटेडने त्या हंगामात लीगचे पहिले दहाच्या दहा सामने गमावले होते. हडर्सफील्डने ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन सहा गोल चढवले, तीनच दिवसांनी न्यूकॅसलने सात. दुसऱ्या दिवशी आर्सेनल येणार होता. त्या सामन्याला कोणी फिरकायचं नाही, असंही सभेत ठरलं. प्रत्यक्षात तेवीस हजारांवर लोक आलेच. युनायटेडने तोही सामना गमावला, त्यापुढचाही गमावला, आणि ओळीने बारा पराभव झाले.

बहिष्कार फसला असं तेव्हा वाटलं असेल. पण त्याच हंगामाच्या अखेरच्या घरच्या सामन्याला चार हजार माणसंसुद्धा नव्हती. सभेत हात वर करून जे जमलं नाही, ते लोकांनी हळूहळू घरी बसून केलं. संघाने ११५ गोल खाल्ले होते आणि तो तळाला राहून दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. मॅनेजर हर्बर्ट बॅमलेट हंगाम संपण्याआधीच गेले. हे बॅमलेट पूर्वीचे नामांकित पंच. १९०९ च्या एफए कपमध्ये बर्नली विरुद्ध युनायटेड या सामन्यात युनायटेड एका गोलने मागे असताना हिमवर्षावामुळे त्यांनीच खेळ थांबवला होता. फेरसामना युनायटेडने जिंकला आणि पुढे चषकही. शिट्टी हातात असताना त्यांनी युनायटेडचं जेवढं भलं केलं, तेवढं मॅनेजरच्या खुर्चीत बसून करता आलं नाही.

पडत्या काळात संघामागे आणि त्याच्या मॅनेजरमागे उभं राहावं की नाही, हा वाद निघाला की आजकाल सगळे १९८९ सालाकडे धावतात आणि अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांचं नाव घेऊन तिथेच थांबतात. ती गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे. याच क्लबचा शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर धीर धरल्याने साधलं अशी उदाहरणं सापडतात, तशीच धीर न धरणाऱ्यांचं बरोबर ठरलं अशीही सापडतात. १९३० चे ते तीन हजार लोक चुकले नव्हते. डिसेंबर १९३१ मध्ये खेळाडूंचा पगार द्यायलाही क्लबकडे पैसे उरले नाहीत. सैन्याचे गणवेश शिवणारे कारखानदार जेम्स गिब्सन दोन हजार पौंड घेऊन धावून आले, म्हणून दिवाळं टळलं. म्हणजे तक्रार खेळाडूंपुरती नव्हतीच. क्लब चालवणाऱ्यांना क्लब चालवता येत नव्हता, आणि हे तिकीट काढणाऱ्या माणसाला आधी कळलं होतं.

गिब्सन आले म्हणून लगेच सुगी आली नाही. १९३४ मध्ये शेवटच्या दिवशी मिलवॉलच्या मैदानावर जिंकले म्हणून युनायटेड तिसऱ्या श्रेणीत जाता जाता वाचलं. पण या माणसाच्या डोक्यात काही आराखडा होता. त्याच दशकाच्या उत्तरार्धात पोरांना तयार करणारी कनिष्ठ संघांची व्यवस्था उभी राहिली, आणि १९४५ मध्ये गिब्सन यांनी मॅट बस्बी या तरुण स्कॉटिश माणसाला मॅनेजर म्हणून आणलं.

बस्बींचा संघ ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमान अपघातात होरपळला. एकूण २३ जण गेले, त्यांत आठ खेळाडू. त्यानंतरच्या वर्षांबद्दल बोलताना लोक थेट १९६८ च्या युरोपियन कपवर उडी मारतात. मधला १९६२-६३ चा हंगाम कोणी आठवत नाही. त्या वर्षी युनायटेड पहिल्या श्रेणीत एकोणिसाव्या क्रमांकावर होतं; खाली घसरलेल्या शेजारच्या मँचेस्टर सिटीपेक्षा फक्त तीन गुण जास्त. संघात डेनिस लॉ होते, बॉबी चार्ल्टन होते, तरी ही अवस्था. त्याच मोसमात वेम्ब्लीवर लेस्टरला ३-१ हरवून एफए कप जिंकला, हा फुटबॉलचा चक्रमपणा. बस्बींना काढा, असं म्हणायची तेव्हा कोणाची प्राज्ञा नव्हती. जो माणूस मरणाच्या दारातून परत येऊन पुन्हा पोरं गोळा करतो, त्याच्याकडे गुणतालिका दाखवून जाब मागणं लोकांना शोभलं नसतं. इथे धीर धरणं सोपं होतं, कारण लोकांच्या मनात दुःख ताजं होतं.

कठीण परीक्षा बस्बी पायउतार झाल्यावर सुरू झाली. विल्फ मॅकगिनेस दीड वर्ष टिकले. फ्रँक ओ'फॅरेल यांनाही दीडच वर्ष मिळालं. १९७१ च्या डिसेंबरात त्यांचा संघ लीगमध्ये सर्वांत पुढे होता. नवं वर्ष उजाडलं आणि पराभवांची रांग लागली. थकलेला, वय झालेला संघ त्यांच्या वाट्याला आला होता, जॉर्ज बेस्ट कधी सरावाला येत, कधी येत नसत, आणि क्लबमध्ये बस्बींची सावली पडलेली होतीच. डिसेंबर १९७२ मध्ये क्रिस्टल पॅलेसने ५-० असा धुव्वा उडवला आणि ओ'फॅरेल यांची गच्छंती झाली. पण जाण्याआधी त्यांनी अ‍ॅबरडीनहून मार्टिन बकन नावाचा बचावपटू आणून ठेवला होता. पाच वर्षांनी, १९७७ मध्ये एफए कप उंचावणारा कर्णधार तोच. हाकललेल्या माणसाने लावलेलं झाड दुसऱ्याच्या अंगणात फळतं, याची नोंद कुठल्या गुणतालिकेत नसते.

त्यांच्या जागी आलेले टॉमी डॉकर्टी यांच्या कारकिर्दीत तर संघ खालच्या श्रेणीतच गेला. २७ एप्रिल १९७४ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर सिटीकडून खेळणाऱ्या डेनिस लॉ यांनी टाचेने गोल केला आणि लोक मैदानात घुसले. लॉ यांच्या त्या गोलाने युनायटेडला बुडवलं, ही दंतकथा आहे. इतर निकाल पाहता युनायटेड त्या दिवशी तसंही बुडणारच होतं. आज असा मॅनेजर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला नसता. डॉकर्टींना ठेवलं.

आणि मग जे झालं ते पाठीराख्यांच्या इतिहासात मला सर्वांत मोठं वाटतं. १९७४-७५ मध्ये युनायटेड दुसऱ्या श्रेणीत खेळत होतं आणि ओल्ड ट्रॅफर्डवर दर सामन्याला सरासरी ४८ हजारांच्या वर माणसं येत होती. पहिल्या श्रेणीतल्या एकाही क्लबला तेवढी गर्दी जमवता आली नाही. लिव्हरपूलला नाही, सिटीला नाही. लोक यायचे, कारण डॉकर्टींनी भित्रा खेळ सोडून कोवळ्या पोरांना दोन्ही बाजूंनी धावत सोडलं होतं. युनायटेड दुसरी श्रेणी जिंकून वर आलं, पुढच्या वर्षी पहिल्या श्रेणीत तिसरं, आणि १९७७ मध्ये त्या काळच्या बलाढ्य लिव्हरपूलला चषकाच्या अंतिम सामन्यात २-१ हरवलं. अर्थात या गर्दीला साजूक तुपात तळायचं कारण नाही. यातल्याच टोळ्या परगावी जाऊन दुकानं आणि रेल्वेचे डबे फोडत होत्या. निष्ठा आणि मवालीपणा एकाच लाल मफलरीत गुंडाळून फिरत होते.

आता फर्ग्युसन. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते आले तेव्हा संघ तळापासून दुसरा होता. पहिला सामना ऑक्सफर्डविरुद्ध, ०-२ पराभव. तो हंगाम अकराव्या क्रमांकावर संपला, पुढचा दुसऱ्या, त्यापुढचा परत अकराव्या. १९८९ च्या उन्हाळ्यात त्यांनी पॉल मॅकग्राथ आणि नॉर्मन व्हाइटसाइड या प्रेक्षकांच्या लाडक्या जोडीला विकून टाकलं, कारण क्लबमध्ये मुरलेली दारूची सवय त्यांना मोडायची होती. वर गॅरी पॅलिस्टर, पॉल इन्स, नील वेब, डॅनी वॉलेस यांच्यावर पाण्यासारखा पैसा ओतला. सप्टेंबरात सिटीने मेन रोडवर ५-१ असं लोळवलं. डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसकडून घरीच पराभव झाला, तेव्हा एका पाठीराख्याने फलक उंचावला: तीन वर्षं नुसत्या सबबी, आता रामराम, अशा अर्थाचा. त्या फलकाची आज थट्टा होते. मला तो फलक अगदी रास्त वाटतो. स्टँडमध्ये बसलेल्या माणसापुढे जो पुरावा होता, त्यावरून दुसरा निष्कर्ष निघतच नव्हता.

त्याला न दिसणारी गोष्ट वेगळीच होती. फर्ग्युसन यांनी आल्या आल्या परिसरातल्या शाळकरी पोरांचा शोध घेणारी यंत्रणा नव्याने बांधायला घेतली होती. नोव्हेंबर १९८७ मध्ये चौदा वर्षं पूर्ण झालेल्या रायन गिग्जच्या घरी ते स्वतः गेले होते. बेकहम, स्कोल्स, बट, नेव्हिल ही मंडळी तेव्हा शाळेत जात होती. १९९२ मध्ये या पिढीने युवकांचा एफए कप जिंकला, पण १९८९ च्या डिसेंबरात हे सगळं फक्त सरावाच्या मैदानावर जाणाऱ्यांनाच ठाऊक होतं. अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स आणि संचालक बॉबी चार्ल्टन यांना ते ठाऊक होतं. ७ जानेवारी १९९० रोजी नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सने केलेल्या एका गोलाने फर्ग्युसन यांची नोकरी वाचवली, असं म्हणतात. त्यांना काढायचा विचारच नव्हता, असं संचालक पुढे सांगत आले. नंतरच्या सांगण्यावर कितपत विसंबायचं हे ज्याने त्याने ठरवावं. मे महिन्यात क्रिस्टल पॅलेसलाच फेरसामन्यात १-० हरवून चषक आला, लीगमध्ये मात्र संघ तेरावा होता. लीगचं विजेतेपद १९९३ मध्ये आलं, तब्बल २६ वर्षांनी. १९८९-९० मध्येही, त्या सगळ्या कुरकुरीसकट, ओल्ड ट्रॅफर्डवर सरासरी ३९ हजारांच्या आसपास लोक येतच होते. ओरडणारे आणि येणारे लोक वेगळे नव्हते.

म्हणून माझा आक्षेप 'फर्ग्युसनलाही वेळ दिलाच होता' या वाक्याला आहे. प्रत्येक बुडत्या मॅनेजरच्या बचावासाठी ते काढलं जातं. वेळ मिळूनही काही न उभारलेल्यांची नावं कोणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून ते पटतं. डच अर्थतज्ज्ञ बास टेर वील यांनी नेदरलँड्सच्या लीगचा अभ्यास केला तेव्हा असं दिसलं की घसरणीनंतर मॅनेजर बदलणारे क्लब सावरतात आणि न बदलणारेही साधारण तसेच सावरतात. हकालपट्टी हा रामबाण नाही आणि धीर हाही नाही. मॅनेजरच्या हाताखाली काही घडतंय का, हा खरा प्रश्न. ते पाहण्याची सोय प्रेक्षकाला नसते, खुर्चीवर बसलेल्यांना असते. धीर धरण्याचं काम त्यांचं.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात मध्यरात्र उलटेपर्यंत जागून युनायटेड पाहणारी जी पिढी आहे, तिला हा संघ नव्वदच्या दशकात केबलवर भेटला, म्हणजे तो जिंकत असताना. कोल्हापुरात तसं नसतं. पाटाकडील किंवा दिलबहार तालमीच्या संघाचा पाठीराखा पेठेत जन्मतो, शाहू स्टेडियमवर तालमीच्या पोरांना शिव्या घालतो आणि पुढच्या सामन्याला पुन्हा तिथेच बसतो. संघ निवडण्याचा प्रश्नच त्याच्यापुढे येत नाही. ज्यांनी विजेत्याला निवडलं, त्यांची कसोटी २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाल्यावरच सुरू झाली. बरेच जण टिकले, हे मात्र कबूल करायला हवं.

त्यानंतरचा क्लबचा कारभार म्हणजे धीर आणि उतावीळपणा या दोहोंचं सर्वांत वाईट मिश्रण. डेव्हिड मॉइज यांना दहा महिन्यांत घालवलं. लुई व्हान खाल यांना २०१६ मध्ये एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांनी. एरिक टेन हाग यांचा तर वेगळाच प्रकार: २०२४ च्या मे महिन्यात चषक जिंकला, मग संचालकांनी आठवडे घालवून विचार केला, करार वाढवला, नवे खेळाडू घ्यायला पैसे दिले आणि ऑक्टोबरात त्यांना काढलं. रूबेन अमोरिम आले, आणि २०२४-२५ चा हंगाम पंधराव्या क्रमांकावर संपला. १९७४ च्या घसरणीनंतर इतकी खालची जागा कधी आली नव्हती.

या काळात ओल्ड ट्रॅफर्डचा राग बहुतेक वेळा मॅनेजरवर नव्हता, हे लक्षात घेण्यासारखं आहे. मॉइज यांच्या विरोधात एक विमान फलक ओढत मैदानावरून गेलं, तेव्हा स्टेडियममधल्या लोकांनी त्याची हुर्यो उडवली आणि मॉइज यांना टाळ्या दिल्या. राग होता तो २००५ मध्ये कर्ज काढून क्लब विकत घेणाऱ्या आणि ते कर्ज क्लबच्याच माथी मारणाऱ्या ग्लेझर कुटुंबावर. २०१० मध्ये हजारोंनी लाल सोडून न्यूटन हीथच्या हिरव्या-पिवळ्या मफलरी गळ्यात घातल्या, रेल्वे कामगारांनी १८७८ मध्ये काढलेल्या मूळ क्लबच्या रंगाच्या. मे २०२१ मध्ये निदर्शक मैदानात शिरल्याने लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. ह्यूम टाउन हॉलमधल्या ठरावाचा रोखही मॅनेजरकडे नव्हता, संचालकांकडे होता.

२०२४-२५ च्या त्या पंधराव्या क्रमांकाच्या हंगामातही स्टेडियम सत्तर हजारांच्या वर भरत होतं. क्लबने मोसमाच्या मध्येच उरलेल्या तिकिटांचा दर ६६ पौंड केला. त्यात मुलांना सवलत नव्हती आणि म्हाताऱ्यांनाही नव्हती.