परवानगी गेली, तिथेच काम झाले

शहरात नवे दुकान थाटणाऱ्याला सध्या दोन अगदी वेगळे अनुभव येतात आणि दोन्ही ऑनलाइनच असतात.

शॉप ॲक्ट, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तोंडी असलेला गुमास्ता, आता घरबसल्या होतो. ‘आपले सरकार’वर आधार-पॅन जोडायचे, मराठी पाटी दिसेल असा दुकानाचा फोटो चढवायचा, शुल्क भरायचे, की पावती हाती. याचे श्रेय लोक संगणकाला देतात. मला ते पटत नाही. श्रेय 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याचे आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना या कायद्याने नोंदणीच्या दाखल्यातून मोकळे केले. नुसती सूचना द्या आणि धंदा सुरू करा. निरीक्षकाने होकार देण्याची पायरीच गेली. पोर्टलकडे टपालपेटीचे काम उरले आणि ते त्याने चोख केले.

महापालिकेच्या व्यवसाय परवान्यात ती पायरी शाबूत आहे. भाडेकरार हवा, जागामालकाची संमती हवी, मालमत्ता कराची पावती हवी. ही शेवटची मागणी मला सर्वांत खटकते. कर महापालिकाच घेते, पावतीही तीच देते. मग त्याच पावतीचा फोटो दुकानदाराने तिलाच का पाठवायचा? मालमत्ता क्रमांक टाकला की थकबाकी तिची तिलाच दिसायला हवी.

खरी कोंडी गुंठेवारीत, म्हणजे परवानगीविना गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरच्या वस्तीत आहे, आणि आपल्या शहराचा केवढा तरी भाग गुंठेवारीत वसला आहे. 2001 चा गुंठेवारी कायदा 2021 मध्ये दुरुस्त होऊन 2020 अखेरपर्यंतची बांधकामे नियमित करण्याची वाट खुली झाली, तरी सगळ्याच मालकांनी त्यासाठी फाइल केलेली नाही. अशा घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून बसलेली भाडेकरू बाई कोणता कागद जोडणार? तिच्या अर्जावर ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढाच शेरा पडला, तर ती कोपऱ्यावरच्या एजंटकडेच जाणार. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक या औद्योगिक नगरीत एक खिडकी योजना चालते, कारण तिथली जमीन आधीच मोजलेली आहे, वादाबाहेरची आहे. मुकुंदवाडीसारख्या शहरातल्या वस्तीत ती सोय नाही.

अशा अडवणुकीवर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात सेवा देण्याची मुदत आहे, तीन अपिले आहेत, अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडही आहे. पण मुदत मोजायची ती पूर्ण अर्ज आल्यापासून. म्हणजे ‘अपूर्ण’ या एका शेऱ्याने घड्याळ थांबते.

म्हणून महापालिकेने दोन गोष्टी कराव्यात. त्रुटी काढायच्या तर सगळ्या एकदाच, नावानिशी, ठरलेल्या दिवसांत काढाव्यात; नंतर नवी त्रुटी काढता येऊ नये. आणि शिलाई, स्टेशनरी, मोबाइल दुरुस्ती अशा कुणाच्या जिवाला धोका नसलेल्या धंद्यांना परवान्याऐवजी सूचनाच पुरेशी ठरवावी. त्यासाठी राज्याचा होकार लागत असेल, तर तसा प्रस्ताव महापालिकेने स्वतःहून पाठवावा.