स्थापत्याची पदवी कोणासाठी?

पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग उघडला तो हिंदी तरुणांच्या उद्धारासाठी नव्हे. इंग्रज सरकारला रस्ते, कालवे नि इमारती बांधण्यासाठी हाताखालचे स्वस्त कर्मचारी हवे होते. पण त्या परक्या, शोषक राज्यालाही एक गोष्ट कळत होती : बांधकाम सार्वजनिक, म्हणून ते करणारा माणूस घडविण्याचा खर्चही सार्वजनिक. याच संस्थेत शिकून विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात गेले आणि पुढे खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसविले. साम्राज्यवाद्यांना उमगलेला हा साधा हिशेब स्वराज्यातील राज्यकर्त्यांनी मात्र मोडीत काढला.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग महाविद्यालयांना दार उघडले. समर्थन दोन प्रकारचे होते. तिजोरीत पैसा नाही. आणि महाराष्ट्राची मुले देणग्या भरून कर्नाटकात जातात. म्हणजे लूट वाईट नव्हती, ती परप्रांतात होत होती एवढेच वाईट होते! चारच वर्षांनी, १९८७ साली, कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा याच राज्याला करावा लागला, यातच धोरणाची कबुली आली. पुढे १९९२ आणि १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने या व्यापाराला आवर घालण्याचा प्रयत्न केला. २००२ च्या निकालाने १९९३ ची योजना मोडली. शिक्षणसम्राट तोवर विधिमंडळातही पोहोचले होते.

या महाविद्यालयांमुळे खेड्यापाड्यांतील मुले इंजिनिअर झाली, असे सांगितले जाते. ते खोटे नाही. परंतु त्यांचे शुल्क आज कोण भरतो? मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी शुल्कप्रतिपूर्ती आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींचे संपूर्ण शिक्षणशुल्क २०२४ पासून सरकारच भरते. सवलत योग्यच आहे, तिला विरोध करणारा समाजवादी नव्हे. पण अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही प्रश्न पडेल : महाविद्यालये काढायला जो पैसा तिजोरीत नव्हता, तो खासगी संस्थाचालकांच्या पदरात घालायला कोठून आला? पैसा जनतेचा, जमीन, इमारत नि सत्ता मात्र संस्थेची!

आणि काय शिकवायचे हेही आता संस्थाचालकच ठरविणार. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये शाखानिहाय प्रवेशसंख्येवरील मर्यादा उठविली. स्थापत्य शिकवायचे तर माती तपासण्याची, काँक्रीट दाबून फोडण्याची, पाण्याचा प्रवाह मोजण्याची प्रयोगशाळा लागते. मुलांना थिओडोलाइट घेऊन उन्हातान्हात मोजणीला न्यावे लागते. संगणकाचा वर्ग वाढवायला खोली नि यंत्रे पुरतात, आणि गिऱ्हाईक दारात उभे असते. नफ्याच्या हिशेबाने चालणारा मालक दोहोंपैकी काय वाढवील, हे सांगायला ज्योतिषी नको.

गरज मात्र बाजाराला विचारून उत्पन्न होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात दगडमातीच्या भिंती आणि मातीची जड धाबी कोसळून हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्या घरांपर्यंत कोणताही पदवीधर पोहोचला नव्हता, कारण त्या घरांच्या मालकांकडे त्याला द्यायला फी नव्हती. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतील दगडी पूल पुरात गेला, दोन एस. टी. गाड्या नि त्यांतली माणसे घेऊन. जुन्या पुलाची वेळच्या वेळी तपासणी करण्यात कोणत्या कंपनीला नफा आहे?

ते काम सरकारी अभियंत्याचेच. परंतु २०२३ साली याच राज्याने बाह्ययंत्रणांमार्फत कंत्राटी नोकरभरतीचा निर्णय काढला. तरुणांच्या संतापामुळे त्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला, वृत्ती गेलेली नाही. पदवी घेतलेला मुलगा स्पर्धा परीक्षेच्या जाहिरातीची वाट पाहत वर्षे काढतो, आणि अखेर ठेकेदाराच्या साइटवर तुटपुंज्या पगारावर सिमेंटच्या गोण्या मोजतो. त्याच ठेकेदाराचे बिल मंजूर करायचे तर मोजमाप घेणारा माणूस खात्याचा हवा. सरकारने गेल्या दहा वर्षांत शुल्कप्रतिपूर्तीपोटी कोणत्या संस्थेला किती रक्कम दिली आणि त्याच काळात बांधकाम व पाटबंधारे खात्यांत कनिष्ठ अभियंत्यांच्या किती जागा रिकाम्या ठेवल्या, हे दोन आकडे शेजारी शेजारी विधिमंडळाच्या पटलावर ठेवावेत.