पोरींना घरी ठेवून पाणी सुरक्षित होत नाही

यंदाची सहल भिऱ्याच्या देवकुंड धबधब्याला न्यायची, असं आमच्या शाळेत ठरत होतं. पालकांच्या बैठकीत एका विद्यार्थिनीच्या अम्मी उठल्या. "मॅडम, पोरांना न्या. माझ्या पोरीला नको. भुशीला काय झालं, विसरलात का?"

विसरले नाही. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली एक महिला आणि चार मुलं वाहून गेली. पाण्याच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले ते लोक आपल्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक फोनवर दिसले. त्यानंतर प्रशासनाने मनाई आदेश काढले आणि आपण घराघरात आपापले आदेश काढले. पोरींनी जायचं नाही. पोरं मात्र मित्रांबरोबर मोटरसायकलवर, कुणाला न सांगता, आजही जातात.

त्या कुटुंबाला दोष द्यायची माझी हिंमत नाही. पाणी वाढतंय, आत्ता बाहेर या, असं वेळेवर सांगणारं माणूस सोबत असतं तर? मला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

घाटातलं पाणी फसवं असतं. आपण उभे असतो तिथं ऊन असतं आणि वर डोंगरमाथ्यावर पाऊस कोसळत असतो. ते पाणी खाली यायला वेळ लागत नाही. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, आवाज बदलला, की निघायचं. ही खूण गावातल्या माणसाला कळते, शहरातून आलेल्या शिक्षकाला नाही. पडणाऱ्या पाण्याने खाली खोल डोह कोरलेला असतो. काठाशी गुडघाभर असलेलं पाणी चार पावलांवर माणूस बुडेल इतकं असू शकतं. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे पोहणाऱ्यालाही ते नीट उचलून धरत नाही.

म्हणून मी बैठकीत माझी यादी वाचली. सहल पावसाळ्यात नाही, पाऊस ओसरल्यावर. निघण्याआधी बंदी नाही याची खात्री. गावातला वाटाड्या आधी ठरवायचा, त्याचे पैसे सहलीच्या खर्चात धरायचे आणि त्यात घासाघीस करायची नाही. जंगलातली दीड-दोन तासांची चाल आहे, तेव्हा सकाळी लवकर निघून दुपारी परत फिरायचं. वाटेत रेंज मिळेलच असं नाही, म्हणून परतीची वेळ गावात सांगून ठेवायची. मुलांचे गट आणि प्रत्येक गटाला एक मोठं माणूस. जाताना, पोचल्यावर, निघताना मोजणी. डोहात कुणी उतरायचं नाही, पाण्याकडे पाठ करून फोटो नाही. वाटाड्या 'चला' म्हणाला की मुख्याध्यापकांनीही उठायचं.

मग कपड्यांवर बोलले, कारण त्यावर कुणी बोलत नाही. भिजलेला बुरखा, ओढणी, घेरदार सलवार जड होते, पायात गुंतते. पर्दा सोडा असं मी म्हणत नाही. हलक्या कापडाचा लांब कुर्ता, अंगाबरोबर बसणारी पँट, पिनांनी घट्ट बसवलेला स्कार्फ आणि पकड असलेले बूट, यात पर्दाही राहतो आणि पायही मोकळे राहतात.

कुणी म्हणालं, "मॅडम, मौत लिहिलेली असेल तर कुठंही येईल." खरं आहे. पण उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कल करायचा, हेही आपल्यालाच शिकवलं आहे. मुलं ही आपल्या हातातली अमानत आहे. तिची नीट काळजी न घेता नशिबाचं नाव घेणं मला पटत नाही.

आज घरी ठेवलेली मुलगी उद्या लग्नानंतर नवऱ्यासोबत, तिच्या मुलांना घेऊन, कुठल्यातरी धबधब्यावर जाणारच आहे. तेव्हा पाणी गढूळ झालं तर निघायचं, हे तिला कुठून कळणार?

त्या अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी पण सोबत आले तर चालेल?" मी त्यांचं नाव मोठ्या माणसांच्या यादीत लिहिलं. त्यांच्या गटात त्यांची मुलगी आहे आणि आणखी चौघीजणी आहेत.