फोन माझा, साक्ष कुणासाठी?

बारावीनंतर इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी मार्कशीटच्या झेरॉक्स घेऊन मी एका राजपत्रित अधिकाऱ्याच्या केबिनबाहेर तासभर उभा होतो. 'साक्षांकित प्रत' हवी होती. साहेबांनी मूळ मार्कशीट बघितलीच नाही. चहा पिता पिता पाच झेरॉक्सवर सह्या केल्या, शिपायाने शिक्के मारले. कॉलेजचा माझ्यावर विश्वास नव्हता, पण त्या शिक्क्यावर होता.

आज मी एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो, आणि हाच प्रकार रोज संगणकांमध्ये चाललेला बघतो. त्याचं नावही तेच आहे, अटेस्टेशन. दूर कुठेतरी असलेल्या संगणकाला आपण विचारतो, 'तुझ्यावर नेमकं कोणतं सॉफ्टवेअर चालू आहे?' आणि तो सहीशिक्क्यासकट उत्तर देतो. याला रिमोट अटेस्टेशन म्हणतात. तुमच्या फोनमध्ये आणि बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये याची सोय आहे. विंडोज 11 साठी 2021 पासून टीपीएम 2.0 नावाची चिप सक्तीची झाली, ती याच कामाची.

संगणक खोटं बोलू शकतो, मग त्याच्या उत्तरावर भरवसा कसा ठेवायचा? इथे खरी गंमत आहे. टीपीएम मुख्य प्रोसेसरपेक्षा वेगळी काम करते. तिच्यात सहसा 24 खास कप्पे असतात. संगणक सुरू होताना महत्त्वाचे कप्पे शून्यावर असतात. मग प्रत्येक टप्प्यावरचा प्रोग्राम पुढच्या प्रोग्रामला चालू करण्याआधी त्याचा 'ठसा' घेतो. ठसा म्हणजे त्या फाइलवरून गणिताने काढलेला 64 अक्षरांचा आकडा. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. हा ठसा कप्प्यात लिहिला जात नाही, आधीच्या आकड्यात मिसळला जातो. पिठात मीठ घालून मळलं की मीठ परत वेगळं काढता येत नाही, तसं. कप्प्यात भर घालता येते, पण मनाला येईल तो आकडा त्यात ठेवता येत नाही.

त्यामुळे कुणी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये व्हायरस घुसवला, तर त्या व्हायरसच्या हाती ताबा येण्याआधीच त्याचा ठसा पडलेला असतो. नंतर त्याने कितीही साळसूदपणाचा आव आणला तरी तो ठसा पुसता येत नाही. विचारणारा दर वेळी एक नवा, कधी न वापरलेला आकडा पाठवतो. चिप तो आकडा आणि कप्प्यांची बेरीज एकत्र करून स्वतःच्या गुप्त किल्लीने सही करते. ती किल्ली चिपच्या बाहेर येतच नाही. दर वेळी आकडा नवा असल्यामुळे कालचं चांगलं उत्तर आज परत पाठवून फसवता येत नाही. शेवटी विचारणारा आलेलं उत्तर आपल्याकडच्या 'योग्य ठशां'च्या यादीशी ताडून बघतो.

आम्ही हे काम कीलाइम नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरने करतो. त्याची सुरुवात एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत झाली. एकदा पहाटे चारला माझा फोन वाजला: एका सर्व्हरचा ठसा जुळत नव्हता. माझे तर हातपाय गार पडले. दोन तास शोधाशोध केल्यावर कळलं की डेटा सेंटरमधल्या माणसाने रात्री फर्मवेअर अपडेट केलं होतं आणि आम्हाला सांगायला विसरला होता. ठसा न जुळणं म्हणजे चोरी झालीच असं नाही. आणि ठसा जुळला म्हणून सगळं सुरक्षित, असंही नाही. जुळणारं सॉफ्टवेअरसुद्धा भोकं पडलेलं असू शकतं. शिक्का प्रत खरी असल्याचं सांगतो, मार्क चांगले असल्याचं नाही.

तरीही हे तंत्र मला मनापासून आवडतं. फक्त आमच्या ऑफिसात तीन गोष्टी एका जागी आहेत, हे ध्यानात घ्या. सर्व्हर आमचा, प्रश्न विचारणारे आम्ही, आणि योग्य ठशांची यादीही आमचीच. या तीन गोष्टींची फाटाफूट झाली की काय होतं, ते मला अम्मीच्या फोनने शिकवलं.

अम्मी चिपळूणला असते. तिच्या फोनला कंपनीने अपडेट देणं बंद केलं होतं. फोन धडधाकट होता, म्हणून मी त्यावर लिनेजओएस टाकलं. ही अँड्रॉइडचीच मुक्त आवृत्ती, दर महिन्याला सुरक्षेचे अपडेट मिळणारी. दुसऱ्या दिवशी तिच्या बँकेचं ॲप उघडेना. 'हे उपकरण सुरक्षित नाही' एवढंच लिहून येई. मामूंकडे तेच मॉडेल होतं, कंपनीच्या मूळ सिस्टिमवर, सुरक्षेचे अपडेट तीन वर्षं जुने. त्यांच्याकडे तेच ॲप बिनबोभाट चालत होतं. अम्मी म्हणाली, "फोन माझा, पैसे माझे, मग यांना खातरी कसली पाहिजे?"

बँकेची बाजूही सांगतो. फोनची कुलपं काढून ॲपला फसवणारे ठग आहेतच. लिनेजओएस टाकताना मी बूटलोडरचं कुलूप उघडलं होतं आणि ते उघडंच राहिलं, हा खरा धोका आहे. चिपच्या निर्मात्याने दिलेले काही भागही जुनेच राहतात. पण बँकेचं ॲप यातलं काहीच तोलून बघत नव्हतं. अशी ॲप्स बहुतेक गूगलच्या प्ले इंटेग्रिटी या सेवेला विचारतात, आणि गूगलच्या प्रमाणपत्राची सिस्टिम नसेल तर ती सेवा सहसा नापास करते. ग्राफीनओएस नावाची सिस्टिम बघा. तिच्यात बूटलोडरला पुन्हा कुलूप लावता येतं आणि हार्डवेअरच्या सहीने आपण कोण आहोत ते ती सिद्धही करू शकते. आपल्या किल्ल्यांचे ठसे तिने जाहीर केले आहेत. कोणतीही बँक ते आपल्या यादीत घालू शकते. थोड्या ॲप्सनी घातलेही आहेत. बाकीच्यांनी यादी दुसऱ्याच्या हातात देऊन हात झटकले आहेत.

ही भीती नवी नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी 2002 मध्ये आणि केंब्रिजचे रॉस अँडरसन यांनी 2003 मध्ये या तंत्राबद्दल सावध केलं होतं: संगणक त्याच्या मालकाऐवजी दुसऱ्याचं ऐकू लागेल. 2003 मध्येच इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या सेथ शोएन यांनी सुचवलं की साक्ष काय द्यायची यावर शेवटचा शब्द मालकाचा असावा. चिप बनवणाऱ्यांनी ते मानलं नाही. 2023 मध्ये गूगलने वेबसाइटनेही तुमच्या उपकरणाची अशी साक्ष मागावी असा प्रस्ताव आणला. मोझिला आणि इतर अनेकांनी विरोध केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगलने तो मागे घेतला. म्हणजे आरडाओरड केली तर उपयोग होतो.

उलट्या दिशेने हेच तंत्र सामान्य माणसाच्या बाजूने उभं राहतं. 2017 मध्ये सिग्नलने तुमचे फोनमधले नंबर जुळवण्यासाठी अशी व्यवस्था केली की तुमचा फोनच आधी सिग्नलच्या सर्व्हरला विचारतो, 'तुझ्यावर जाहीर केलेलाच प्रोग्राम चालू आहे ना?' खातरी पटली तरच नंबर पाठवतो. ॲपलने 2024 मध्ये आपल्या एआयच्या सर्व्हरसाठी असंच काही आणलं. मोठ्या कंपनीच्या मशिनला लहान माणसाच्या खिशातला फोन जाब विचारतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

यंत्राला जाब विचारायचा हक्क कुणाला, हा प्रश्न फोनपुरता नाही. सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 च्या निकालात ईव्हीएमबद्दल सांगितलं की दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत मागणी केली, तर प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या 5 टक्के यंत्रांची मेमरी तपासता येईल. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रातल्या अनेक पराभूत उमेदवारांनी असे अर्ज केले. यंत्रांत गडबड झाली असं मी म्हणत नाही, माझ्याकडे तसा पुरावा नाही. पण तपासणार कोण? यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांचेच इंजिनीअर. उमेदवाराचा माणूस बघू शकतो, पण स्वतः प्रश्न विचारून स्वतःच्या यादीशी ताडू शकत नाही. मतदानाआधी प्रोग्रामचे ठसे जाहीर व्हावेत, साक्ष देणारी चिप मतं मोजणाऱ्या चिपपेक्षा वेगळी असावी, आणि कोणत्याही पक्षाच्या इंजिनीअरला स्वतःचा नवा आकडा देऊन सही घेता यावी. यात तंत्राची अडचण नाही. गडबड नसेल, तर याचा सर्वात जास्त फायदा आयोगालाच होईल.

ज्यांच्या हातात लॅपटॉप आहे, कोडिंग येतं, त्या तुमच्यासारख्या पोरांनी हा विषय कंपन्यांवर सोडू नये असं मला वाटतं. तुमच्यातलेच काही जण उद्या बँकेचं ॲप लिहिणार आहेत. 'हे उपकरण सुरक्षित नाही' ही ओळ लिहिण्याआधी कुणाच्या यादीनुसार, हे विचारा. आणि सही उपकरणाच्या कायमच्या ओळखीला बांधू नका. 2004 मध्येच क्रिप्टोग्राफीवाल्यांनी ओळख न सांगता साक्ष देण्याची रीत शोधून काढली आहे.

अम्मीला शेवटी मी साडेनऊ हजारांचा नवा फोन घेऊन दिला. जुन्यावर ती तिलावत ऐकते आणि नातवाचे व्हिडिओ बघते. बँकेला मी दोन मेल लिहिले: तुम्ही कोणत्या पातळीची तपासणी मागता, आणि कुलूपबंद पर्यायी सिस्टिमचे ठसे यादीत का घेत नाही? दोन्ही वेळा एकच उत्तर आलं, 'कृपया ॲप अपडेट करा.' तिसरा मेल या आठवड्यात पाठवतोय. या वेळी शाखेत जाऊन, छापून, पोच घेऊन.