थोरल्या माधवरावांची वेठबंदी आणि पुणतांब्याची ग्रामसभा

गोदावरीच्या काठचे पुणतांबे हे क्षेत्र वारकऱ्यांस चांगदेवांच्या समाधीमुळे ठाऊक असते, व दौंड-मनमाड लोहमार्गाने जाणाऱ्या उतारूंस स्टेशनाच्या पाटीमुळे. १ जून २०१७ रोजी त्यास निराळीच प्रसिद्धी लाभली. त्या दिवशी येथील शेतकऱ्यांनी पुकारलेला संप सुरू झाला, शहरांकडे जाणारे दूध व भाजीपाला अडला, आणि साऱ्या महाराष्ट्राचे डोळे काही दिवस ह्या एका गावाकडे लागून राहिले. परंतु ह्याच गावी नदीस उतरणारा अहिल्याबाई होळकरांचा एक घाट आहे, आणि नदीच्या वरच्या अंगास काही कोसांवर कोपरगाव आहे, जेथे रघुनाथराव पेशवे ११ डिसेंबर १७८३ रोजी वारले. घाट बांधणारी ती विधवा आणि कोपरगावी दिवस कंठणारा तो पदच्युत पेशवा, ह्या दोघांच्याही आयुष्यास ज्या एका तरुण पुरुषाने वळण दिले त्याचे नाव थोरले माधवराव. त्यांच्याविषयी व त्यांच्या निमित्ताने आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

“माधवराव आणखी वीस वर्षे जगते तर!” हा उद्गार ज्याने काढला नाही असा मराठी मनुष्य विरळा. ग्रँट डफसारख्या परक्या इतिहासकारानेही ह्या अकालमृत्यूस पानिपताच्या पंक्तीस बसविले आहे. ही हळहळ स्वाभाविक आहे हे आम्ही जाणतो. तथापि तिच्या पोटी जी समजूत दडलेली आहे ती आम्हांस घातक वाटते. सुधारणा म्हणजे सत्पुरुषाच्या हातून होणारी कृपा, तो लवकर गेला हे आपले दुर्दैव, आणि आता तसाच दुसरा केव्हा जन्मास येतो ह्याची वाट पाहणे हे आपले काम, अशी ती समजूत आहे.

प्रथम त्या कारकिर्दीचे स्वरूप पाहू. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. २३ जून रोजी नानासाहेब निवर्तले. आणि जुलैत पेशवाईची वस्त्रे सोळा वर्षांच्या माधवरावांस मिळाली. दौलतीवर कर्ज, घरात महत्त्वाकांक्षी चुलता, पूर्वेस निजाम, दक्षिणेस हैदर. १७६२ मध्ये चुलत्याशी लढून आळेगावी पराभव झाला, तेव्हा हा मुलगा आपल्या पायांनी चालत त्याच चुलत्याच्या स्वाधीन झाला. दौलत दुभंगू नये म्हणून. पुढल्या वर्षी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, ह्याच गोदावरीच्या काठी राक्षसभुवन येथे निजामाचा मोड केला. १७६८ त धोडपच्या लढाईनंतर रघुनाथराव शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले. आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, सत्ताविसाव्या वर्षी, थेऊरच्या गणपतीपाशी क्षयाने माधवरावांचा अंत झाला. अकरा वर्षे, त्यांतली बहुतेक स्वाऱ्यांत गेली.

लढायांचा पाढा शाळेतील मुलांसही येतो. रयतेच्या दृष्टीने ह्या राज्यातील खरी गोष्ट वेठीची होती. वेठ म्हणजे काय हे आजच्या शहरी वाचकास सांगावे लागेल. सरकारी अंमलदार प्रवासास निघाला, की वाटेतील गावच्या माणसांनी त्याचे ओझे पुढल्या गावापर्यंत फुकट वाहून न्यावयाचे. पेरणीचे दिवस असोत की कापणीचे, हाक आली की औत सोडून निघावे लागे; आणि ओझे सरकारचे की साहेबांच्या घरचे, हे विचारण्याची कोणाची छाती नव्हती. माधवरावांनी ह्यास मनाई केली. ग्रँट डफ सांगतो की वसईच्या सुभेदाराचा मौल्यवान माल अशाच वेठीच्या डोक्यांवरून चालला असल्याची बातमी लागताच पेशव्यांनी तो सगळा जप्त केला, शेतीच्या कामावरून ओढून आणलेल्या माणसांस भरपूर मोबदला दिला, आणि नव्याने ताकीद काढली. ती मोडण्यास पुढे कोणी धजले नाही. त्याचे कारणही तो इतिहासकार देतो, आणि आमचे सारे विवेचन त्याच कारणावर उभे आहे. पेशव्यांची बातमीदारांची व्यवस्था किती बारकाईची आहे हे ज्यांस माहीत होते, ते भीत होते.

भय होते, हक्क नव्हता. ओझे वाहणाऱ्या कुणब्याच्या किंवा महाराच्या हाती त्या हुकुमाने काही दिले नाही. त्यास नकार देण्याची मुभा, दाद मागण्याची जागा, गावच्या दप्तरात तक्रार नोंदविण्याची सोय, ह्यांतले काहीच त्यातून निघाले नाही. पुण्यात बसलेल्या एका जागरूक डोळ्याने त्याचे रक्षण केले, आणि थेऊरास तो डोळा मिटला. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत महालांचे मक्ते बोली लावून दिले जाऊ लागले; मक्तेदाराने पोटमक्तेदार नेमावा, त्याने पाटलास पिळावे, पाटलाने रयतेस. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात ह्याचे जे वर्णन केले आहे ते वाचून, पन्नास वर्षांपूर्वी ह्याच मुलखात वेठीचा दिवस भरून मिळत होता हे खरेसुद्धा वाटत नाही.

न्यायखात्याची कथा थोडी निराळी आहे. स्नानसंध्या व जपजाप्यात माधवराव फार वेळ घालवू लागले तेव्हा रामशास्त्री प्रभुण्यांनी काशीस जाण्याची परवानगी मागितली, आणि ब्राह्मणाचे कर्म करावयाचे तर आपणही गंगातीरी चलावे, राज्य पत्करले असेल तर राज्याचे काम पाहावे, असे सुनावले, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. धन्याने ते ऐकून घेतले. पुढे ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा गारद्यांनी शनिवारवाड्यात खून केला, त्या वेळी माधवरावांस जाऊन नऊच महिने झाले होते. रामशास्त्र्यांनी रघुनाथरावांस तोंडावर दोषी ठरविले व पुणे सोडले. त्यांचे धैर्य कोणीही वंदन करावे असेच आहे. पण न्यायाधीशाने निकाल सांगून गाव सोडावे आणि आरोपीने गादीवर बसावे, ह्यावरून त्या न्यायासनाच्या पायाखाली किती जमीन होती ते दिसते. रघुनाथरावांस अखेर सालबाईच्या तहाने कोपरगावची वाट धरावी लागली ती मुत्सद्द्यांच्या व फौजांच्या बळाने. शास्त्र्यांच्या निकालाने नव्हे.

येथे चीन देशाचे एक उदाहरण आम्हांस आठवते. तेथील ग्वांगशू बादशहाने ११ जून १८९८ पासून फर्मानांचा सपाटा लावला. परीक्षांतील साचेबंद निबंध रद्द केले, निरुपयोगी कचेऱ्या मोडल्या, नव्या विद्यांच्या शाळा काढण्याचे ठरविले. १०३ दिवस हे चालले. २१ सप्टेंबर रोजी राजमाता त्सशी हिने सत्ता हाती घेतली, बादशहास तळ्यातील एका बेटावर कोंडले आणि त्याच्या सहा साहाय्यकांची मस्तके उडविली. १९०८ त तो त्याच कैदेत वारला, राजमातेच्या अगोदर एकच दिवस. त्यास सोमल दिला गेला होता असे पुढे शंभर वर्षांनी चिनी संशोधकांनी जाहीर केले. त्याची बहुतेक फर्माने फिरविली गेली. वाचले ते मुख्यतः पेकिंगचे नवे विद्यापीठ. ते आजही चालू आहे, कारण तेथे अध्यापक होते, विद्यार्थी होते आणि ते चालावे असे वाटणारी माणसे होती. मोडावयाचेच झाले असते तर त्या सर्वांस उठवून लावावे लागले असते. निबंधाची बंदी मोडण्यास मात्र कागदाचा एक तुकडा पुरला.

माधवरावांच्या कारभारातही असा एक निर्णय आहे, आणि तो पुणतांब्याच्या घाटावरून चटकन आठवतो. १७६६ त मल्हारराव होळकर वारले. पुढल्याच वर्षी त्यांचा नातू मालेराव गेला. वंशात पुरुष उरला नाही असे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड ह्यांनी एखादे लहान मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवण्याचा बेत केला, आणि रघुनाथराव त्यास अनुकूल झाले. अहिल्याबाईंनी साफ नकार दिला व पेशव्यांकडे दाद मागितली. माधवरावांनी विधवेचा पक्ष घेतला, चुलत्यास आवरले, आणि तुकोजी होळकरांकडे फौजेचे काम देऊन मुलकी सत्ता बाईंच्याच हाती राहू दिली. ती १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत त्यांच्या हाती राहिली. माधवरावांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षे! ह्या निर्णयास बातमीदार लागले नाहीत की पुण्याची नजर लागली नाही. ज्या व्यक्तीचा त्यात हिताहितसंबंध होता तिच्याच हाती अधिकार दिलेला होता, आणि तो कसा राखावा हे ती जाणत होती. आज जिल्ह्यासही तिचेच नाव आहे.

ओघात एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १७५४ त कुंभेरीस खंडेराव पडले तेव्हा मल्हाररावांनी सुनेस सती जाऊ दिले नाही, म्हणून हे राज्य झाले. त्याच पिढीत थेऊरास माधवरावांच्या चितेवर रमाबाई सती गेल्या. तेथील वृंदावनापुढे लोक भक्तिभावाने हात जोडतात. आम्हांस मात्र तेथे दुसऱ्या एका अहिल्याबाईची राख दिसते. इतका मोठा सुधारक पेशवा, आणि त्याच्या घरातील रूढीस त्याचा हात लागला नाही.

आता वर्तमानाकडे वळू. पुणतांब्याच्या संपाची परिणती २४ जून २०१७ च्या घोषणेत झाली: ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी, दीड लाखाची मर्यादा. २०१९ च्या अखेरीस दुसरे सरकार आले, त्याने दोन लाखांपर्यंतची माफी जाहीर केली. अडलेल्या माणसास मिळालेला दिलासा खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण वसईच्या सुभेदाराच्या माल जप्तीशी त्याचे साम्य वाचकांनी पाहावे. बुडालेला दिवस भरून मिळाला. ओझे कोणी व का लादले ह्याची चौकशी तशीच राहिली. शेतमालाच्या भावाचा प्रश्न, जो संपाच्या मागण्यांत होता, तो २०२२ त ह्याच गावास पुन्हा आंदोलन करावयास लावता झाला.

मग पुणतांब्याने मिळविले काय? आमच्या मते ह्याचे उत्तर माफीच्या आकड्यात नाही. एप्रिल २०१७ मध्ये संपाचा ठराव झाला तो कोणा पुढाऱ्याच्या वाड्यावर झाला नाही, ग्रामसभेत झाला. माधवरावांच्या रयतेपाशी नेमकी हीच वस्तू नव्हती. वेठीस आज केवळ हुकुमाची मनाई नाही. संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने ती निषिद्ध आहे, आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी हा गुन्हा आहे. ग्रामसभेसही १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचा आधार आहे आणि १९९३ पासून संविधानाचाही. ती कोणाची कृपा नाही.

परंतु ही सभा प्रत्यक्षात कशी भरते? पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसे, ह्यांत जे कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अटच नाही. परिणामी संपाच्या दिवशी मंदिरासमोरचे पटांगण ओसंडून वाहते, आणि वर्षभराच्या कामांची यादी मंजूर करण्याच्या दिवशी अनेक गावी दहा-वीस माणसे बसून गावाच्या नावाने सह्या करतात. नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी असेही कायदा सांगतो. ती किती गावी खरोखर भरते व किती ठिकाणी केवळ वहीत भरते, हे ज्या त्या गावच्या बायकांस विचारावे. अहिल्याबाईंच्या जिल्ह्यात तरी ह्याचे उत्तर देताना मान खाली घालावी लागू नये.

सरकारास आमची सूचना अशी की तहकूब सभेसही किमान गणपूर्ती ठेवणारी दुरुस्ती कायद्यात करावी. पुणतांबेकरांस मात्र तितके थांबण्याचे कारण नाही. ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर ह्या सुमारास भरतात. येत्या सभेची नोटीस लागताच तीत महिला सभेचा दिवस वेगळा लिहिलेला आहे की नाही ते पाहावे. नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी मागावा, आणि त्या सभेचे इतिवृत्त मुख्य सभेत कामकाजाच्या आरंभीच वाचून दाखविण्याचा ठराव करून घ्यावा.